शेती राज्याची, भाव दिल्लीचा

7 डिसेंबर 2023 ला केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली: कांद्याची निर्यात 31 मार्च 2024 पर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवारात नेहमीसारख्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. लिलावाची एक ठरलेली लय असते. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, कुणीतरी वरचा थर बाजूला सारून खालचे दोन कांदे काढतो, बोटाने दाबतो, पत्ती सुटलीय का पाहतो आणि बोली सुरू होते. मिनिटभरात ट्रॉली विकली जाते. त्या सकाळी माल कालचाच होता, बोली मात्र कालच्यापेक्षा कितीतरी खालून सुरू झाली. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. पंधरवड्याभरात भाव निम्म्यावर आले.

अशा रास्ता रोकोसमोर बोलायला कोण येतं हे पाहण्यासारखं असतं. आधी पोलीस निरीक्षक, मग तहसीलदार, प्रकरण चिघळलं तर प्रांत. मग पालकमंत्र्यांचा फोन, मग मंत्रालयात बैठक. ही सगळी मंडळी राज्य सरकारची. यातल्या एकाच्याही हातात त्या अधिसूचनेतला स्वल्पविराम हलवण्याची सत्ता नाही. निवेदन घ्यायचं, ‘वरपर्यंत पोचवतो’ म्हणायचं आणि रस्ता मोकळा करायचा, एवढंच त्यांचं काम. ज्यांनी सही केली त्यांना चांदवडच्या चौफुलीवर यावं लागत नाही.

केंद्र-राज्य अधिकारांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा राज्यपाल, राष्ट्रपती राजवटीचं 356 कलम आणि तपास यंत्रणा यांच्याभोवती फिरते. ते विषय किरकोळ नाहीत. पण ते प्रामुख्याने राजकारण्यांचे आपापसातले तंटे आहेत आणि पक्ष सत्तेत की विरोधात यावर प्रत्येकाची भूमिका बदलते. संघराज्याचं दुखणं मला कांद्यात जास्त स्वच्छ दिसतं. केंद्राकडे अधिकार जास्त आहेत, एवढ्यावर माझी तक्रार नाही. निर्णय एकाने घ्यायचा आणि भुर्दंड दुसऱ्याच्या माथी मारायचा, ही जी सोय आपण लावून ठेवली आहे, तिच्यावर आहे. ज्याने निर्यात बंद केली त्यानेच तिची किंमत मोजावी, आणि तीही रोखीत.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. सुरुवातीला संघसूचीत 97, राज्यसूचीत 66 आणि समवर्ती सूचीत, म्हणजे ज्यावर दोघांनाही कायदे करता येतात तिच्यात, 47 विषय होते. शाळेत आपण हे पाठ करतो: संरक्षण, चलन, रेल्वे केंद्राकडे, पोलीस, शेती, आरोग्य राज्याकडे. राज्यसूचीतली 14 वी नोंद शेतीची, 28 वी बाजार आणि जत्रांची. म्हणजे कांदा राज्याचा, असं कुणालाही वाटावं. आता तोच कांदा घेऊन रोपापासून बंदरापर्यंत चालत जाऊ.

बियाण्याची गुणवत्ता 1966 च्या केंद्रीय कायद्याखाली. पाटाचं पाणी राज्याचं. मोटार चालवायची वीज समवर्ती. युरियाची किंमत आणि अनुदान केंद्राचं. सातबारा आणि त्यावरची ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून केलेली उभ्या पिकाची, नोंद राज्याची. सोसायटीचं कर्ज सहकार खात्याच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या मधल्या बोळातून येतं. पीक विमा दोघांचा, त्यामुळे भरपाई अडली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. कांदा चाळीच्या अनुदानात केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के वाटा. बाजार समिती, आडत, हमाली, तोलाई, हे सगळं राज्याच्या 1963 च्या कायद्याखाली. समितीच्या फाटकाबाहेर पडलं की महामार्ग केंद्राचा, रेल्वेचा रेक केंद्राचा, न्हावा शेवा बंदर केंद्राचं, आणि बंदरातून माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही हा निर्णय तर पूर्णपणे केंद्राचा. संघसूचीतली 41 वी नोंद परदेशी व्यापाराची, 83 वी सीमाशुल्काची, आणि निर्यात शुल्क त्यातच आलं.

या प्रवासात राज्याच्या वाट्याला जे येतं ते पाहा: पाणी, सातबारा, चाळीचा 40 टक्के खर्च, बाजाराचं आवार, आणि आंदोलन झालं की बंदोबस्त. म्हणजे कांदा पिकवायची जबाबदारी राज्याची. भाव जिथे ठरतो ती जागा केंद्राची. आणि शेतकऱ्याला शेवटी फक्त भावाशीच कर्तव्य असतं.

हे असं का झालं याला इतिहास आहे. यादीची घडण 1935 च्या कायद्यातून आली. संविधान सभेसमोर फाळणी होती, बंगालचा दुष्काळ ताजा होता, धान्याची टंचाई रोजची होती. तेव्हा मध्यवर्ती सत्ता मजबूत ठेवणं समजण्यासारखं होतं. तरी घटनाकारांनी अन्नधान्याच्या बाबतीत हात राखून पाऊल टाकलं होतं. 369 व्या कलमात त्यांनी संसदेला कापूस, कापड, कागद, कोळसा, पोलाद, अन्नपदार्थ अशा काही वस्तूंच्या राज्यांतर्गत व्यापारावर आणि पुरवठ्यावर कायदे करण्याची मुभा दिली, पण फक्त पाच वर्षांसाठी. टंचाई सरली की हे विषय राज्यांकडे परत जायचे होते. 1955 मध्ये पाच वर्षं संपत आली, तोवर तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतली 33 वी नोंद रुंद करून अन्नपदार्थ, गुरांचा चारा, कापूस आणि ताग कायमचे तिच्यात बसवून टाकले. लगोलग साठ्यावर आणि व्यापारावर बंधनं घालायची मुभा देणारा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था सात दशकं ठाण मांडून बसली आहे, आणि टंचाईच्या काळासाठी केलेला कायदा उत्पादन उदंड झालं तरी वापरात आहे.

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वनं वगैरे पाच विषय राज्यसूचीतून काढून समवर्तीत टाकले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं कारण आणीबाणी लक्षात राहते. 1955 ची दुरुस्ती लोकशाहीच्या बहरात झाली, म्हणून ती कुणाच्या लक्षात नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच जास्त महागात पडली.

पुढे 2020 साल येतं. त्या वर्षीच्या तारखा नुसत्या ओळीने ठेवल्या तरी पुरे. 5 जूनला केंद्राने अध्यादेश काढून कांदा, बटाटा, कडधान्यं, तेलबिया साठामर्यादेच्या जाचातून मोकळ्या केल्या. शेतकरी आता स्वतंत्र झाला, असं सांगितलं गेलं. 14 सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद केली. 15 सप्टेंबरला, म्हणजे बंदीच्या दुसऱ्या दिवशी, लोकसभेने तेच मुक्तीचं विधेयक मंजूर केलं. 23 ऑक्टोबरला कांद्यावर साठामर्यादा परत आली. सुधारणा बोलायला एक खातं आणि बंदी घालायला दुसरं, आणि दोन्ही एकाच सरकारची.

त्याच वेळी आलेल्या शेतमाल व्यापाराच्या कायद्याने बाजार समितीच्या आवाराबाहेर राज्याचा कर आणि नियम दोन्ही लागू होणार नव्हते. कायद्याचा आधार पुन्हा तीच 33 वी नोंद. मला त्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी मान्य होत्या. बाजार समित्यांची मक्तेदारी मोडायला हवी हे महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने कैक वर्षं ओरडून सांगितलं आहे, आणि 2016 मध्ये राज्याने स्वतःहून फळं-भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली होती. पण जी गोष्ट महाराष्ट्राने आपल्या विधिमंडळात, आपल्या गतीने केली, तीच पंजाबवर संसदेतून लादली गेली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पंजाबात गहू-तांदळाची सरकारी खरेदी समित्यांच्या आधारावर उभी आहे. लासलगावात तशी खरेदी नाही. एकच कायदा दोन्हीकडे एकच परिणाम करणार नव्हता. शेती राज्यसूचीत ठेवण्यामागचं शहाणपण हेच होतं. वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले गेले, आणि बरी सुधारणाही वाईट रीतीने आणल्यामुळे बुडाली. आता पुढची काही वर्षं तिचं नाव काढायची कुणाची छाती होणार नाही.

2023 पासूनचा क्रम तर अजून ताजा आहे. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क. तेव्हा नाशिक-नगरच्या चाळींत उन्हाळ कांदा भरून ठेवलेला होता; मार्च-एप्रिलमध्ये काढलेला, पावसाळाभर सडका-कुजका निवडत जपलेला, पुढच्या भावाच्या आशेवर. ऑक्टोबरच्या अखेरीला टनामागे 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचा नाही. डिसेंबरात संपूर्ण बंदी. या वेळी बाजारात होता तो लाल कांदा. हा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदेवाला निदान थांबून पाहू शकतो, लाल कांदेवाल्याला ती मुभाच नाही, त्यामुळे डिसेंबरातली बंदी ऑगस्टातल्या शुल्कापेक्षा क्रूर होती. 22 मार्च 2024 ला बंदी बेमुदत वाढली. 4 मे ला उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 ला तेही गेलं. वीसेक महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलले, आणि प्रत्येक वेळी शेतकऱ्याला ते वर्तमानपत्रातून किंवा व्हॉट्सअॅपवरून कळले.

ऑगस्टात शुल्क लागलं तेव्हा राज्याचे कृषिमंत्री दिल्लीला गेले. मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांनी फोन केले. केंद्राने 2410 रुपये क्विंटलने आणखी 2 लाख टन कांदा खरेदी करायचं जाहीर केलं आणि मुंबईत त्याचा विजय म्हणून गाजावाजा झाला. केंद्रात आणि राज्यात एकाच आघाडीचं सरकार होतं तरी राज्याला आपल्याच विषयात विनंतीअर्ज घेऊन जावं लागलं. डबल इंजिनचं सुकाणू कुठे असतं ते यावरून कळावं. शेतकऱ्याचं म्हणणं मात्र तेव्हाही ‘भीक नको पण कुत्रं आवर’ असंच होतं. खरेदी नको होती, शुल्क नको होतं.

आणि मग 25 एप्रिल 2024 चा तो नमुनेदार आदेश. देशभर कांदा निर्यात बंद असताना 2000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, आणि त्यासाठी दाखला कुणाचा, तर गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा. नाशिकमध्ये संताप उसळला तसं दोनच दिवसांत केंद्राने सहा देशांना 99150 टन कांद्याची परवानगी दिल्याचं निवेदन काढलं. माझा आक्षेप गुजरातच्या शेतकऱ्याला मिळालं यावर नाही. पांढरा कांदा भावनगर-महुव्याकडे पिकतो, त्यांनाही बंदीचा तितकाच जाच होता. प्रश्न असा की केंद्राला एका राज्याच्या अधिकाऱ्याचं मत घ्यावंसं वाटू शकतं, ही गोष्ट सिद्ध झाली. मग बंदी घालताना राज्यांना का विचारलं नाही? 20 मे ला मतदान झालं आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार दिंडोरीतून हरल्या. एकाच कारणाने कुणी हरत नाही, पण त्या पट्ट्यात कांदा सोडून दुसऱ्या विषयावर बोलणारा उमेदवार तेव्हा मला तरी दिसला नाही.

आता दुसरी बाजू. तिला वजन आहे आणि ते टाळण्यात अर्थ नाही. कांदा पिकवणारे काही लाख, खाणारे सगळे. दिल्लीत 1998 मध्ये कांद्याच्या भावाने विधानसभेची निवडणूक फिरवली, हे प्रत्येक पक्षाच्या हाडीमाशी मुरलं आहे. पाटण्याच्या किंवा गुवाहाटीच्या गरीब घरातल्या माणसाने भाव चढल्यावर कुणाकडे जायचं? महाराष्ट्राचं सरकार त्याचं काही लागत नाही. देश म्हणून बाजारावर लक्ष ठेवणारी एक सत्ता लागतेच. शिवाय राज्यांच्या हातात मोकळा अधिकार दिला तर ती काय करतील याचा नमुना 2024 मध्येच दिसला. पश्चिम बंगालने आपल्याकडे बटाटा महागला म्हणून राज्याबाहेर जाणारे ट्रक सीमेवर अडवले आणि ओडिशात बटाट्याची टंचाई झाली. बंगालच्या बटाटा उत्पादकाशी त्याच्याच राज्य सरकारने तेच केलं जे केंद्राने नाशिकच्या कांदेवाल्याशी केलं. म्हणून ‘सगळे अधिकार राज्यांना द्या’ ही घोषणा मला पटत नाही. राज्याराज्यांमधला व्यापार मोकळा ठेवायला वर कुणीतरी पंच हवाच.

पण पंचाने खेळाडूच्या खिशात हात घालू नये. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा देणं हे जर राष्ट्रीय उद्दिष्ट असेल तर त्याचा खर्च राष्ट्राच्या तिजोरीतून व्हावा. आज तो खर्च निफाड, येवला, चांदवड, देवळा, संगमनेर इथल्या काही तालुक्यांकडून वसूल होतो, आणि त्याला कर म्हणत नाहीत म्हणून त्याची अर्थसंकल्पात नोंदही होत नाही. कांद्याचे बरेचसे निर्णय केंद्रात ग्राहक व्यवहार खात्याच्या दृष्टीने होतात. त्या खात्याचं काम भाव पाडणं हे आहे आणि ते आपलं काम चोख करतं. भाव पडल्यावर काय होतं ते पाहण्याचं काम कुणालाच दिलेलं नाही.

इथे पैशांचा विषय येतो. महाराष्ट्र केंद्राला इतका कर देतो आणि परत इतकाच मिळतो, हा हिशेब आपल्याकडे फार आवडीने मांडला जातो. 15 व्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यातला 6.317 टक्के हिस्सा महाराष्ट्राला दिला, उत्तर प्रदेशाला 17.939 टक्के. त्यावर गळा काढणाऱ्यांत मी नाही. कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत आहेत म्हणून देशभर कमावलेल्या नफ्यावरचा कर मुंबईत भरला जातो. तो सगळा आपल्या घामाचा नाही. गरीब राज्याला जास्त मिळावं हे बरोबरच आहे.

खरी मेख उपकर आणि अधिभारात आहे. वित्त आयोगाने राज्यांना 41 टक्के वाटा दिला तो वाटपयोग्य करांतला. उपकर आणि अधिभार त्या भांड्यात पडतच नाहीत, ते थेट केंद्राकडे राहतात. मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क 19 रुपये 90 पैसे होतं. त्यातला मूळ शुल्काचा भाग, म्हणजे ज्यात राज्यांना वाटा मिळतो तो, 1 रुपया 40 पैसे. बाकी साडेअठरा रुपये विशेष शुल्क आणि उपकर या नावाखाली केंद्राकडेच. आणि त्यात अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर म्हणून घेतले जात होते. शेतकऱ्याच्या नावाने वसूल झालेला पैसा, ज्याच्याकडे शेती हा विषय आहे त्या राज्याला देणं लागत नाही.

एवढं सगळं दिल्लीच्या नावाने लिहिलं म्हणजे मुंबई सुटली असं नाही. महाराष्ट्राकडे जे अधिकार शिल्लक आहेत त्यांचं त्याने काय केलं? बाजार समिती पूर्णपणे राज्याची. 2017 मध्ये समितीच्या निवडणुकीत किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मतदानाचा हक्क दिला. 2020 मध्ये सरकार बदललं आणि तो काढून घेतला. समितीचे संचालक निवडणार सोसायट्यांचे आणि ग्रामपंचायतींचे सदस्य, ज्याचा माल तिथे विकला जातो तो बाहेर उभा. यात दिल्लीचा काही हात नव्हता. उसाचं बघा. रास्त आणि किफायतशीर दर केंद्र ठरवतं, पण त्याच्या वर राज्याने स्वतःचा दर जाहीर करायला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशाला मान्यता दिलेली आहे आणि ते राज्य तो अधिकार वापरतं. महाराष्ट्राने 2013 मध्ये साखरेच्या उत्पन्नातला वाटा ऊस उत्पादकाला देणारा महसूल वाटपाचा कायदा केला आणि तो विषय साखर कारखानदारांच्या सोयीने चालू दिला. अधिकार नसल्याची तक्रार ऐकायला बरी वाटते, असलेला अधिकार वापरायचा म्हणजे आपल्याच माणसांना दुखवावं लागतं.

स्थानिक स्वराज्य हा तर राज्यसूचीतला पाचवा विषय, निखळ राज्याचा. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एका नेमलेल्या प्रशासकाने चालवली. ओबीसी आरक्षणाचा पेच होता हे खरं, पण कोणत्याही पक्षाच्या सरकारला घाई नव्हती हेही तितकंच खरं. दिल्ली आपल्याला विचारत नाही म्हणून तक्रार करणारं मंत्रालय जिल्हा परिषदांना आणि महापालिकांना विचारतं का? केंद्राने राज्याचे कान पिळायचे, राज्याने महापालिकेचे. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय शहरांसाठी लिहिले. त्यातले किती खरोखर शहराच्या हातात आहेत ते आपापल्या नगरसेवकाला विचारून पाहावं.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला सांगितलं होतं की कायदे करण्याच्या आणि राबवण्याच्या अधिकारांत राज्यं केंद्रावर अवलंबून नाहीत. या बाबतीत दोघं समान आहेत. आणीबाणीच्या काळासाठी केंद्राला जास्त ताकद दिली आहे, रोजच्या कारभारासाठी नाही, असा त्यांचा खुलासा होता. न्यायालयं अधूनमधून ही आठवण करून देतात. 2024 मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठांनी खनिजांवर कर लावण्याचा आणि औद्योगिक अल्कोहोलचं नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, दोन्ही निकाल 8 विरुद्ध 1. पण परदेशी व्यापाराची नोंद संघसूचीत आहे आणि ती तिथेच राहणार. कांद्याचा प्रश्न न्यायालयात सुटणारा नाही. बोलायची जागा लागते. त्यासाठी संविधानात 263 वं कलम आहे. केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर 1990 मध्ये केंद्र आणि राज्यांनी एकत्र बसायची आंतरराज्य परिषद स्थापन झाली. तिची अकरावी बैठक जुलै 2016 मध्ये झाली, आणि पुढे कांद्यावर एवढं रामायण घडलं तरी बारावी घ्यावी असं वर्षानुवर्षं कुणाला वाटलं नाही.

या परिषदेला मतदान नाही, म्हणून ती गप्पांची जागा होते. वस्तू आणि सेवा कर परिषदेचं तसं नाही. तिथे मतांचा एक तृतीयांश भार केंद्राकडे, दोन तृतीयांश राज्यांकडे, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला नकाराधिकार आहे, पण एकट्याने काही करता येत नाही. तिच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं, तरी ती चालते, कारण सगळ्यांना आकडे टेबलावर ठेवून बोलावं लागतं. शेतमालाच्या निर्यातीवर आणि साठ्यावर बंधनं घालायची तर अशाच एका परिषदेसमोर यावं लागेल, असं का नसावं? कांदा पिकवणारी पाच-सहा राज्यं आणि खाणारी बाकीची एका खोलीत बसली तर निदान एवढं तरी ठरेल की लाल कांद्याची आवक सुरू असताना एका रात्रीत फाटक बंद करायचं नाही. डिसेंबरच्या अधिसूचनेत ज्यांचा माल जहाजात चढायला लागला होता त्या निर्यातदारांना सूट होती. शेतातून ट्रॉलीत चढलेल्या मालाला नव्हती.

आणि परिषदेने बंदी मंजूर केलीच तर भरपाई. हे काही नवं मागणं नाही. 2017 मध्ये राज्यांनी विक्रीकर आणि जकात सोडली तेव्हा महसुलात दरवर्षी 14 टक्के वाढ धरून पाच वर्षांची भरपाई कायद्यात लिहून घेतली होती. मुंबई महापालिकेची जकात गेली तिची भरपाईही राज्याच्या कायद्याने सुरू झाली. सरकारांनी एकमेकांचं उत्पन्न काढून घेतलं की नुकसानीचा हिशेब लगेच मांडला जातो, टक्केवारीसकट. शेतकऱ्याचं उत्पन्न काढून घेताना हिशेब करता येत नाही असं कोण म्हणतं? 2023 च्या फेब्रुवारीत भाव इतके कोसळले होते की सोलापूर बाजारात पाच क्विंटल कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. तेव्हा राज्याने क्विंटलमागे 350 रुपये, 200 क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान दिलं. त्यासाठी सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणीची नोंद आणि बाजार समितीची विक्री पावती मागितली. नोंद नव्हती म्हणून अनेक जण वगळलेही गेले, त्यावर बोंब झाली, पण पद्धत तयार झाली. कुणी किती कांदा पिकवला, कुठल्या तारखेला कुठे कितीला विकला, हे आज कागदावर आहे. अधिसूचनेच्या आधीच्या पंधरा दिवसांची सरासरी आणि नंतरचा विक्रीचा भाव, यातला फरक केंद्राने त्या पावतीवर द्यावा. त्यासाठी नवा कर लावायची गरज नाही, पेट्रोलवरचा कृषी उपकर त्यासाठी आधीच गोळा होतोय.